सहा हजार गोळ्यांची परीक्षा

पडद्यावरचा इन्स्पेक्टर दार ढकलून आत शिरतो, पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढतो आणि 'खटॅक' असा आवाज येतो. हा सीन तुम्ही शंभर वेळा तरी पाहिला असेल. हिरो बदलतो, भाषा बदलते, पण आवाज तोच राहतो. तो मागे-पुढे सरकणारा वरचा भाग म्हणजे स्लाइड. नळीला वरून झाकायचं, गोळी सुटल्यावर मागे जायचं, रिकामं काडतूस बाहेर फेकायचं आणि परत येताना नवीन काडतूस आत ढकलायचं, अशी चार कामं ती डोळ्याची पापणी लवायच्या आत करते. पिस्तूल असंच असतं, त्यात काय विशेष, असं आपल्याला वाटतं. पण हा आकार कुणीतरी पहिल्यांदा विचार करून घडवला होता. त्या माणसाचं नाव जॉन मोझेस ब्राउनिंग. त्याच्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती आणि नावावर १२८ पेटंट होती.

आज त्याची गोष्ट सांगायची आहे ती शस्त्रांचं कौतुक म्हणून नाही. एखादी वस्तू भरवशाची आहे असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणतो, हे समजून घ्यायला ब्राउनिंगसारखा माणूस सापडणं कठीण. आणि आपण केलेली भरवशाची वस्तू पुढे कुणाच्या हातात जाईल हे आपल्या हातात नसतं, ही अवघड गोष्टही त्याच्याच आयुष्यात दिसते.

ऑग्डेनचं दुकान

जॉनचा जन्म जानेवारी १८५५ मधला, अमेरिकेच्या युटा प्रांतातल्या ऑग्डेन गावचा. वडील जोनाथन ब्राउनिंग बंदुका बनवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर. मॉर्मन पंथाच्या लोकांना इलिनॉयमधून बाहेर पडावं लागलं, तेव्हा हे कुटुंबही पश्चिमेकडे निघालं आणि १८५२ मध्ये ऑग्डेनला येऊन स्थिरावलं. मॉर्मन लोकांत त्या काळी बहुपत्नीत्व होतं. जोनाथनच्या तीन बायका आणि बावीस मुलं होती. घर कसं गजबजलेलं असेल, कल्पना करा!

आपल्याकडे शिकलगाराचं पोर जसं चालता यायला लागलं की भात्यापाशी बसतं, तसंच जॉनचं झालं. सहा-सात वर्षांचा असल्यापासून तो दुकानात लुडबुडायला लागला. मोडलेल्या बंदुका हेच त्याचं पाठ्यपुस्तक. शेतकरी, शिकारी, वाटसरू आपापलं बिघडलेलं हत्यार घेऊन यायचे. कुठली स्प्रिंग तुटते, कुठला खिळा झिजतो, कुठल्या सांध्यात माती अडकते, हे त्याला अक्षरं गिरवता गिरवताच समजत गेलं. शाळकरी वयातच त्याने भंगारातली एक जुनी नळी आणि लाकडाचा तुकडा घेऊन चालणारी बंदूक बनवली.

म्हणजे बघा, जो पुढे नवीन हत्यारं घडवणार होता त्याने आधी कित्येक वर्षं बिघडलेली हत्यारं उघडून पाहिली. आपण प्रोजेक्ट करताना सुरुवात नव्या आयडियाने करतो. त्याची सुरुवात तक्रारीपासून झाली होती.

१८७९ हे वर्ष त्याच्यासाठी धावपळीचं ठरलं. त्याच वर्षी लग्न झालं, त्याच वर्षी वडील गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच्या एकबारी रायफलीला पहिलं पेटंट मिळालं. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. भावंडांना घेऊन त्याने ऑग्डेनमध्येच छोटा कारखाना टाकला. मॅट व्यवहार बघायचा. एडचा हात यंत्रावर बसलेला. जॉन नीटस ड्रॉइंग वगैरे काढत बसायचा नाही. डोक्यातली कल्पना तो पत्र्याचे, कागदाचे साचे कापून दाखवायचा आणि एड ती धातूत उतरवायचा. एकट्या प्रतिभावंताची गोष्ट म्हणून हे चरित्र सांगितलं जातं खरं, पण ते सगळं एका घरातल्या टीमचं काम होतं.

आठ हजार डॉलर आणि एकोणीस वर्षं

१८८३ मध्ये ऑग्डेनच्या दुकानात एक पाहुणा आला. टी. जी. बेनेट. विंचेस्टर या त्या काळच्या बड्या बंदूक कंपनीचा मोठा अधिकारी. कंपनी पार दुसऱ्या टोकाला, न्यू हेवनला. या गावठी कारखान्यातली रायफल कुणीतरी त्याच्या नजरेस आणून दिली होती आणि ती त्याच्या कंपनीच्या मालापेक्षा सरस होती. सौदा आठ हजार डॉलरला ठरला. तीच रायफल पुढे विंचेस्टर मॉडेल १८८५ म्हणून बाजारात आली.

पुढची एकोणीस वर्षं जॉन डिझाइन करत राहिला आणि विंचेस्टर ती विकत घेत राहिली. एकूण ४४ डिझाइन. त्यातली बरीचशी कंपनीने कधी बनवलीच नाहीत. प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागू नयेत म्हणून ती कपाटात गेली. प्रत्येक वेळी एकरकमी पैसे मिळायचे आणि विषय संपायचा. विकल्या गेलेल्या प्रत्येक बंदुकीमागे वाटा, म्हणजे रॉयल्टी, नव्हती.

मधल्या काळात एक गोष्ट घडली. १८८९ च्या सुमाराची. मैदानावर नेमबाजी चालली होती. गोळी सुटली की नळीच्या तोंडातून निघणाऱ्या वायूने समोरचं गवत आडवं होतंय, हे जॉनच्या लक्षात आलं. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनीच ते गवत पाहिलं असणार. याच्या मनात मात्र आलं की ही ताकद फुकट चालली आहे. हाच वायू वळवून बंदूक स्वतःच स्वतःला भरू शकेल का? त्याने एका जुन्या रायफलीवर जुगाड करून ते चालतं हे दाखवलं. त्यातूनच कोल्ट कंपनीची १८९५ ची मशीनगन निघाली.

१९०२ मध्ये विंचेस्टरशी फाटलं. त्याची स्वयंचलित शॉटगन तयार होती आणि या वेळी त्याला एकरकमी पैसे नको होते, रॉयल्टी हवी होती. बेनेटने नकार दिला. जॉन बंदूक घेऊन थेट रेमिंग्टन कंपनीच्या अध्यक्षाकडे गेला. बाहेर बसून वाट बघतोय, आणि आतून निरोप आला की अध्यक्ष मार्सेलस हार्टली हृदयविकाराने वारले. एखादा म्हणाला असता, नशीबच खोटं. जॉनने ती बंदूक उचलली आणि बोट पकडून बेल्जियम गाठलं. लिएजजवळच्या हेर्स्टाल गावातला एफएन कारखाना त्याचं एक पिस्तूल आधीपासूनच बनवत होता. त्यांनी शॉटगनही घेतली, तीही रॉयल्टी देऊन. ती बंदूक पुढे जवळजवळ शतकभर विकली गेली.

घोडेस्वाराच्या अंगठ्यासाठी

आता पिस्तुलाकडे येऊ. कारण खरी परीक्षा तिथे झाली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन सैन्य फिलिपिन्स बेटांवर कब्जा टिकवण्यासाठी लढत होतं. तिथल्या मोरो लढवय्यांनी जिवाची पर्वा न करता या परक्या सैन्याशी झुंज दिली. अमेरिकन अधिकाऱ्यांकडची .३८ कॅलिबरची रिव्हॉल्व्हर जवळून अंगावर येणाऱ्या माणसाला थांबवायला अपुरी पडते, अशा तक्रारी वर गेल्या. १९०४ मध्ये चाचण्या झाल्या आणि पुढचं हत्यार .४५ कॅलिबरचं, म्हणजे साधारण साडेअकरा मिलिमीटर व्यासाच्या गोळीचं असावं, असं ठरलं. १९०७ पासून स्पर्धा सुरू झाली. जर्मनीचं प्रसिद्ध लुगरही त्यात उतरलं होतं. शेवटी दोघंच उरले. कोल्टसाठी ब्राउनिंगने केलेलं पिस्तूल आणि सॅव्हेज कंपनीचं पिस्तूल.

ब्राउनिंगच्या आधीच्या पिस्तुलात एक खोट होती. स्लाइड फ्रेमवर धरून ठेवायला पुढच्या बाजूला एक आडवी पाचर होती. ती सैल झाली किंवा निघाली, तर मागे येणारी स्लाइड थेट गोळी झाडणाऱ्याच्या तोंडावर येण्याचा धोका होता. आता विचार करा, सैनिक त्या हत्यारावर विश्वास कसा ठेवणार? ब्राउनिंगने पाचर मजबूत करून वेळ मारून नेली नाही. त्याने रचनाच बदलली. नव्या रचनेत स्लाइड पुढून चढवायची, त्यामुळे ती मागच्या बाजूने निसटायची सोयच उरली नाही. नळीला खाली धरणारे दोन दुवे होते, त्याजागी मागे एकच ठेवला. गोळी सुटते तेव्हा नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकून थोडं अंतर बरोबर मागे जातात, मग त्या दुव्यामुळे नळीचा मागचा भाग खाली झुकतो, दोघं सुटे होतात आणि स्लाइड एकटी मागे जाते. तेवढ्या वेळात नळीतला दाब उतरलेला असतो. भाग कमी झाले आणि पिस्तूल जास्त टिकाऊही झालं.

मग घोडदळाची मागणी आली. घोडेस्वाराचा एक हात लगामात अडकलेला. घोडा उधळला तर भरलेलं, चाप ओढायला तयार असलेलं पिस्तूल त्याने एका हाताने सुरक्षित कसं करायचं? म्हणून अंगठ्याने खालीवर करता येईल असा खटका आला. हातातून पिस्तूल पडलं तर? म्हणून मुठीच्या मागे एक पट्टी. मूठ नीट आवळल्याशिवाय चापच चालायचा नाही. हे काही प्रयोगशाळेत सुचलेलं नव्हतं. वापरणाऱ्या माणसाने आपली अडचण सांगितली आणि करणाऱ्याने ती ऐकली.

आणि मग ती परीक्षा. दोन दिवसांत एकाच पिस्तुलातून सहा हजार गोळ्या. पिस्तूल तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा सुरू. तुमच्या सबमिशनच्या आदल्या रात्री लॅपटॉप हँग होतो ना, तशी वेळ मुद्दाम आणायची आणि कुठे काय मोडतं ते बघायचं. सॅव्हेजचं पिस्तूल ३७ वेळा अडलं. ब्राउनिंगचं एकदाही नाही.

२९ मार्च १९११ रोजी ते अमेरिकन सैन्याने स्वीकारलं. नाव पडलं एम १९११. साधारण अकराशे ग्रॅम वजन, मॅगझिनमध्ये सात गोळ्या. ते अधिकृत सेवेतून मागे घेतलं गेलं १९८५ मध्ये. मधल्या ७४ वर्षांत दोन महायुद्धं झाली, कोरिया झालं, व्हिएतनाम झालं.

आखूड बोटांची तक्रार

इथे एक मजेशीर वळण आहे. सहा हजार गोळ्यांत न अडलेलं पिस्तूल पहिल्या महायुद्धात गेलं, आणि तक्रारी आल्या. मोडल्याच्या फारशा नाहीत, हातात बसत नसल्याच्या!

लाखो माणसं सैन्यात भरती झाली होती. शेतकरी, कारकून, दुकानदार. काहींचे हात लहान, बोटं आखूड. त्यांचं बोट चापावर नीट पोचेना. मागे येणारा घोडा अंगठा आणि तर्जनीमधल्या मऊ कातडीला चिमटा काढायचा. घाईत रोखलं की गोळी खाली जायची. समोरची माशी इतकी बारीक की कमी उजेडात दिसायची नाही.

१९२० च्या दशकात यावर इलाज झाला आणि एम १९११ ए१ हे रूप आलं. चाप आखूड केला. चापामागे फ्रेमला दोन्ही बाजूंनी खोलगट कापलं, म्हणजे बोट सहज पोचावं. मुठीमागच्या सुरक्षा-पट्टीचं वरचं टोक लांबवलं, म्हणजे घोड्याचा चिमटा बसू नये. मुठीचा मागचा खालचा भाग फुगीर केला, म्हणजे नळी आपोआप थोडी वर रोखली जावी. माशी रुंद केली. आतली यंत्रणा जवळजवळ तशीच राहिली.

यातून काय दिसतं? चाचणीच्या मैदानावर यंत्राची परीक्षा झाली होती. माणसाच्या हाताची परीक्षा राहून गेली होती. गोळी सुटली पण नेम चुकला, तर ज्याच्या जिवावर बेतलंय त्याच्या दृष्टीने पिस्तूल अडलं काय आणि नाही अडलं काय, सारखंच. आज पोलीस दलांसाठी पिस्तुलं निवडताना मुठीच्या मागे वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्या बदलता येतात का, हे पाहिलं जातं. दलात महिला आहेत, लहान चणीचे पुरुष आहेत, एकच माप सगळ्यांना कसं चालेल? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच खंदकांतून विचारला गेला होता.

टिकणं म्हणजे काय

तुम्ही म्हणाल, ७४ वर्षं टिकलं म्हणजे काही मोडलंच नाही का? तसं नाही. स्प्रिंगा दमायच्या. नळी झिजायची. दुवा तुटायचा. पण जे झिजतं ते छोटं, स्वस्त आणि सहज बदलता येणारं असावं, ही अक्कल त्या रचनेत होती. सैनिकाला पिस्तूल खोलायला वेगळी हत्यारपेटी लागत नसे. त्याचे भागच एकमेकांना खोलायला उपयोगी पडत. एका पिस्तुलाचा भाग दुसऱ्याला बसे, त्या पिस्तुलाचा कारखाना वेगळा असला तरी.

अमेरिकन सरकारने या पिस्तुलाची शेवटची मोठी खरेदी १९४५ मध्ये केली. त्यानंतरची चाळीस वर्षं जुन्याच फ्रेमना नव्या नळ्या, नव्या स्प्रिंगा घालून काम भागवलं. आजोबांच्या काळातली सायकल आठवा. टायर बदलला, चेन बदलली, सीट बदललं, सांगाडा तोच.

आणखी एक. सैन्याचं टिकणं आणि पोलिसांचं टिकणं यांतही फरक आहे. सैन्याच्या चाचणीत दोन दिवसांत हजारो गोळ्या झाडतात. पोलिसाचं पिस्तूल वर्षानुवर्षं कमरेला असतं आणि फार क्वचित चालतं. त्याचा शत्रू म्हणजे घाम, पावसाची ओल, म्यानातली धूळ आणि कपड्यांचे धागे. रोज काढा-घालीने घासणारी धार, महिनोन् महिने दाबून भरलेलं मॅगझिन. एखाद्याने दहा वर्षं पिस्तूल बाळगलं, एकदाही झाडलं नाही आणि अकराव्या वर्षी एका क्षणी ते चालायलाच हवं. ही परीक्षा सहा हजार गोळ्यांपेक्षा सोपी नाही. रोजची निगा, तेलपाणी आणि सराव यांना म्हणूनच पर्याय नसतो. एनसीसीत गेलेल्यांना हत्यार साफ करायला लावतात तेव्हा कंटाळा येतो ना? कारण हेच.

पहिल्या महायुद्धात ब्राउनिंगच्या मशीनगनची चाचणी झाली तेव्हाही असंच घडलं. मे १९१७ मध्ये तिने आधी वीस हजार आणि मग आणखी वीस हजार गोळ्या झाडल्या. परीक्षकांना शंका आली की हा खास घोटून आणलेला नमुना असावा. ब्राउनिंगने दुसरी मशीनगन समोर ठेवली. ती सलग ४८ मिनिटं १२ सेकंद चालत राहिली. शंका मिटली. या युद्धकाळातल्या डिझाइनसाठी सरकारने त्याला साडेसात लाख डॉलर देऊ केले. रॉयल्टी मागितली असती तर कितीतरी पटीने जास्त मिळाले असते. ज्याने वाट्यासाठी विंचेस्टर सोडली होती, त्याने इथे घासाघीस केली नाही. देश युद्धात होता, त्याने रक्कम मान्य केली.

क्रमांक १९०७४

आता ती अवघड गोष्ट.

एफएनसाठी ब्राउनिंगने १९१० साली एक छोटं, खिशात मावणारं पिस्तूल केलं होतं. गुळगुळीत, कपड्यात न अडकणारं, भरवशाचं. २८ जून १९१४ रोजी सारायेव्होच्या रस्त्यावर १९ वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांच्यावर गोळ्या झाडल्या. हातात हेच पिस्तूल होतं, क्रमांक १९०७४. ते हेर्स्टालला बनलेलं. त्या दिवशीही ते अडलं नाही.

पुढचं तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचलंय. पण पुस्तकात सहसा नसलेला एक तपशील असा. सव्वा महिन्याने जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसलं आणि पहिलं मोठं शहर लागलं ते लिएज. म्हणजे हेर्स्टालचा कारखाना जिथे होता तोच परिसर. ज्या यंत्रांवर ते पिस्तूल घडलं होतं, ती यंत्रं आणि ते कामगार त्या पिस्तुलामुळे पेटलेल्या युद्धात आधी सापडले. एका पिस्तुलामुळेच महायुद्ध झालं असं कुणी शहाणा म्हणणार नाही. युरोपात दारूगोळा आधीच साठलेला होता. पण ठिणगी पडली ती त्या पिस्तुलातून.

१९३२ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पॉल दुमेर यांचा खून झाला, तोही याच जातीच्या पिस्तुलाने. फ्रेंच भाषेत ब्राउनिंग हे नावच पिस्तुलाला पर्यायी शब्द होऊन बसलं. आपलं आडनाव परक्या भाषेत नाम होऊन बसणं, तेही अशा वस्तूचं. याचं काय वाटून घ्यायचं?

ब्राउनिंग धार्मिक माणूस होता. विंचेस्टरच्या भरभराटीच्या काळातही दोन वर्षं काम बाजूला ठेवून तो जॉर्जियात धर्मप्रचाराला गेला होता. पिस्तूल पोलिसाच्या हातात कायद्याचं रक्षण करतं आणि खुन्याच्या हातात खून. यंत्राला फरक कळत नाही. पण म्हणून घडवणाऱ्याचा संबंध संपतो का? आज तुमच्यापैकी कुणी ड्रोन बनवतंय, कुणी चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर लिहितंय. आपलं काम नीट चालतंय ना, हा प्रश्न तुम्ही नक्की विचाराल. ते कुणाकुणाच्या हातात नीट चालेल, हा प्रश्नही त्याच्या शेजारी लिहून ठेवायला हवा. ब्राउनिंगच्या आयुष्यात त्याचं उत्तर सापडत नाही. प्रश्न मात्र क्रमांकासकट सापडतो. ते पिस्तूल आज व्हिएन्नाच्या लष्करी इतिहास संग्रहालयात ठेवलेलं आहे.

अर्धवट राहिलेलं पिस्तूल आणि इशापूर

पहिलं महायुद्ध संपल्यावर फ्रेंच सैन्याला जास्त गोळ्या मावणारं नवं पिस्तूल हवं होतं. ब्राउनिंगने साठी ओलांडली होती, तरी हेर्स्टालच्या वाऱ्या चालूच होत्या. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी, हेर्स्टालच्या कारखान्यात, मुलगा व्हॅल जिथे काम करायचा त्याच विभागात त्याच्या छातीत कळ आली आणि तिथेच तो गेला. वय ७१. बेल्जियमची ती त्याची एकसष्टावी फेरी होती असं सांगतात. देह अमेरिकेला नेऊन ऑग्डेनच्या मातीत ठेवला.

पिस्तूल अर्धवट राहिलं. ते पुरं केलं एफएनच्या द्यूदोने सेव्ह या बेल्जियन अभियंत्याने. मॅगझिनमध्ये गोळ्या दोन रांगांत बसवल्या की मूठ जाड होते आणि हातात मावत नाही, हा पेच होता. सेव्हने १३ गोळ्या बसवूनही मूठ सुटसुटीत ठेवली. नळीला झुकवणारा सुटा दुवा काढून त्याजागी नळीलाच घडवलेला एक ठोस भाग दिला, म्हणजे तुटण्याजोगा आणखी एक तुकडा कमी. १९३५ मध्ये ते ब्राउनिंग हाय-पॉवर या नावाने आलं. ज्या फ्रेंचांसाठी केलं त्यांनी ते घेतलंच नाही, पण पन्नासहून अधिक देशांच्या सैन्यांनी आणि पोलिसांनी घेतलं.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पुन्हा हेर्स्टाल घेतलं आणि हेच पिस्तूल त्यांच्या सैन्यासाठी बनू लागलं. त्याच वेळी कॅनडात टोरांटोच्या जॉन इंग्लिस कंपनीत ते दोस्त राष्ट्रांसाठी बनत होतं. एकच डिझाइन, दोन्ही बाजूंच्या कमरेला.

आणि आता आपल्या घरातली गोष्ट. बातम्यांत तुम्ही नऊ एमएम पिस्तूल हा शब्द वाचता. भारतीय सैन्य आणि पोलीस वर्षानुवर्षं जे पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए वापरत आले, ते पश्चिम बंगालमधल्या इशापूर रायफल फॅक्टरीत बनतं. ते याच हाय-पॉवरचं, कॅनडाच्या इंग्लिस नमुन्यावरून आलेलं रूप आहे. म्हणजे आपल्या बंदोबस्तावरच्या अधिकाऱ्याच्या कमरेला ऑग्डेनच्या दुकानातला एक धागा लटकलेला असू शकतो. एफएनने मूळ हाय-पॉवरचं उत्पादन २०१८ च्या सुमारास थांबवलं, पण नळी झुकवून स्लाइड सोडवण्याची युक्ती आज जगातल्या बहुतेक सेवा-पिस्तुलांत जिवंत आहे. ग्लॉकमध्येही.

ऑग्डेनच्या जुन्या रेल्वे स्टेशनात आता ब्राउनिंगच्या बंदुकांचं संग्रहालय आहे. तुमच्यापैकी कुणी पुढे शिकायला तिकडे गेलंच, तर जरूर बघा. आणि तोपर्यंत एक करून बघायला हरकत नाही. कॉलेजात पुढचा प्रोजेक्ट पुरा झाला, की सर बघण्याआधी तो तुमच्या वर्गातल्या सगळ्यात आखूड बोटांच्या, सगळ्यात धसमुसळ्या मित्राच्या हातात द्या. त्याला काहीही समजावून सांगू नका. दोन दिवस वापरू दे. काय मोडलं आणि काय बोचलं, त्याची यादी करा. मग बसा दुरुस्त करायला.